तात्यांच्या पसंतीचं जपानी पुस्तक

पुस्तक निवडायच्या नाना तऱ्हा मी वाचनालयात तीस वर्षांत पाहिल्या. कुणी मुखपृष्ठ बघून घेतं, कुणी जाडी बघून. एक बाई आहेत, त्या आधी शेवटचं पान वाचतात आणि नायिका जिवंत राहिली असेल तरच पुस्तक घरी नेतात. पण पुस्तक कानाशी धरून खुळखुळवून बघणारा माणूस मी एकच पाहिला. तात्या मांदाडकर.

आधी मला वाटलं, म्हातारा पुस्तकात कुणी चिठ्ठी विसरलंय का ते बघतोय. मग कळलं की ही हाताची सवय आहे. तात्यांनी इथे श्रीवर्धनात एका वखारीत चाळीस वर्षं सुपारी निवडली. आमच्याकडे सुपारी सालासकट उन्हात वाळवतात. ती आतून वाळली की नाही हे बघायचं तर कानाशी धरून हलवायची. खुळखुळली तर सोलायला घ्यायची, नाहीतर पुन्हा उन्हात. सोलल्यावर मग प्रतवारी. उत्तम ती मोहरा, तिच्या खालची मोती आणि अगदी शेवटची, आतून पोकळ किंवा किडकी, ती खोका. मधे आणखी प्रती आहेत, पण तात्यांच्या बोलण्यात या तीनच यायच्या. काम सुटल्यावर हात रिकामे राहीनात, तेव्हा ते गावच निवडायला लागले. नवा तलाठी मोती. बसस्थानकातला चहा खोका. मला त्यांनी कुठल्या प्रतीत टाकलं होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, म्हणूनच नाही विचारलं.

गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर एका सकाळी ते माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"बाय, जपानी शिकायचा बुक हाय काय?"

"जपानी?" मी म्हटलं. "तात्या, सत्तरी ओलांडलीत तुम्ही."

"मग? मी काय लगीन करतंय? बुक मागतंय."

जपानी कशाला, हे मला विचारायची गरज नव्हती. ते अख्ख्या आळीला माहीत होतं.

महेश हा तात्यांचा एकुलता एक मुलगा. डिप्लोमा करून माणगावकडे एका कारखान्यात लागला. तिथल्या जपानी यंत्रांवर त्याचा असा हात बसला की ती यंत्रं बनवणाऱ्यांनी त्याला तिकडेच बोलावून घेतलं. तिकडे त्याने युको नावाच्या मुलीशी लग्न केलं, हाना झाली. आई नव्हतीच, ती आधीच गेलेली. त्यामुळे इथे एकटे तात्या आणि तिकडे ती तिघं, आणि दर रविवारी दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉल. हाना बोलायची ते महेश मराठीत सांगायचा, तात्या बोलायचे ते जपानीत सांगायचा. तात्यांचा अर्धा रविवार त्या फोनची वाट बघण्यात जायचा आणि उरलेला अर्धा फोनवर काय झालं ते आळीला सांगण्यात.

गेल्याच्या गेल्या नवरात्रात महेश गेला. एकोणचाळिसाव्या वर्षी, कामावर जाताना, छातीत कळ येऊन. तात्यांकडे पासपोर्ट नव्हता. पोराला त्यांनी निरोप दिला तो मोबाइलवर. मी त्या वेळी त्यांच्या घरी होते. सगळं आटोपल्यावर त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, "चा घेनार ना?" आम्ही हो म्हटलं. तात्या उठले नाहीत, चहा कुणी केलाच नाही, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

रविवारचा फोन मात्र चालू राहिला. फक्त मधला माणूस गेला होता. युकोचं इंग्रजी जेमतेम, तात्यांना तेवढंही नाही. महेश हानाला मराठी शिकवत होता, पण सहा वर्षांच्या पोरीला येऊन किती येणार? आजोबा, पाणी, ये. मग हाना तिकडून चित्रं दाखवायची, मांजर उचलून दाखवायची. तात्या इकडून सुपाऱ्या दाखवायचे. एकेक कानाशी धरून हलवायचे, कपाळाला आठ्या घालून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. मोहरा! खोका! तिकडे मांजराने हानाच्या वेणीला पंजा मारला की तात्या हसायचे. बोलता येत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

तात्यांचं हसणं इथेच सांगून ठेवते. ते आधी खांद्यात सुरू होतं. आवाज काही नाही, नुसते खांदे हलतात. मग घशातून एक बारीक शिट्टी येते, मग ठसका लागतो, आणि ठसक्यातून जे काही बाहेर पडतं ते रस्त्यापर्यंत ऐकू जातं. महेशचं हसणं हुबेहूब असंच. दहा-बारा वर्षांचा असताना तो शाळा सुटली की वाचनालयात यायचा आणि विनोदी पुस्तकांच्या कपाटाशी फतकल मारायचा. त्याचे खांदे हलायला लागले की मी ओळखायची, आता पुढे काय होणार. मी तेव्हा नवी होते, शिस्तीची भारी हौस होती. तीन वेळा मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. चौथ्या वेळी तो आपणहून पुस्तक घेऊन पायरीवर गेला, तिथे पोटभर हसला आणि दारातून डोकं आत घालून म्हणाला, "बाई, आत आवाज नाय ना आला?" तो गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं, आणि माझीच मला लाज वाटली.

तर पुस्तक. कार्यकारिणीच्या बैठकीत मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "श्रीवर्धनात जपानी वाचणार कोण?" मी म्हटलं, "तात्या मांदाडकर." बैठकीला पाच जण होते आणि पाचही जण त्या नवरात्रात तात्यांच्या ओट्यावर बसून आलेले. अध्यक्षांनी खर्च मंजूर करून टाकला.

पहिलं पुस्तक आलं ते इंग्रजीतून जपानी शिकवणारं. तात्यांनी ते कानाशी हलवलं आणि बरोबर मधोमध उघडलं. "सुपारी मधनं फोडायची, बाय. वरनं सगळ्याच बऱ्या दिसतात." मग ते माझ्याकडे पाठ करून खिडकीशी गेले. सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं, पानाकडे बघितलं, हातातल्याकडे बघितलं, पुन्हा खिशात ठेवलं. परत येऊन म्हणाले, "हितं काय लिवलाय ते वाच."

मी खालचं इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. "आपले विभागप्रमुख कचेरीत आहेत का? नाही, ते बैठकीत आहेत."

"माझी नात सात वर्साची हाय. तिचा कसला इभागप्रमुख? खोका."

दुसरं प्रवाशांसाठी होतं. त्यात सगळं जपानी इंग्रजी लिपीतच छापलेलं. तात्या पुन्हा खिडकीशी गेले, पुन्हा खिसा, आणि तिथूनच ओरडले, "ह्यात जपानी कुठं हाय? खोका!" तिसरं परीक्षेला बसणाऱ्यांचं, उशीला घेता येईल एवढं जाड, आणि त्यातलं एकेक अक्षर म्हणजे रांगोळी. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कानाशी नेलं. "ह्यो व्हईपत्तूर हाना म्हातारी व्हईल."

चौथं पुस्तक म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला जपानात जाणाऱ्या मुलींसाठी होतं. मधलं पान उघडलं आणि मी वाचता वाचता थांबले.

"काय लिवलाय?"

"आजोबा, आज पोट साफ झालं का?"

तात्यांनी क्षणभर विचार केला. "निदान आजोबा तरी हाय ह्यात," ते म्हणाले. "मोती."

तेवढं एक पुस्तक त्यांनी घरी नेलं. पंधरा दिवसांनी परत आणलं, कारण त्यात सगळे प्रश्न आजोबांना होते, आजोबांनी काही विचारायची सोय नव्हती.

पाचवं मराठीतून होतं. पुण्याहून मागवलेलं, पातळ, मोठ्या टायपातलं. मला वाटलं, सुटले! तात्याही खूश दिसले. त्यांनी त्यातलं एक जपानी वाक्य आठवडाभर घोकलं, "आज हवा छान आहे, नाही का?" वाडीत पाणी लावताना घोकलं, मासळी घेताना घोकलं. कोळणीने विचारलं, "तात्यानू, अंगात आलाय काय?" रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. चार वाजले, हाना समोर आली. तात्यांनी पुस्तक नाकाशी धरलं, आठ्या घातल्या आणि ते वाक्य एकदाचं म्हटलं. हाना बघत राहिली. मग ती बरंच काही बोलली. तिने जे म्हटलं त्याला पुस्तकात उत्तर नव्हतं. तात्या पान उलटत होते, मागे जात होते, पुढे जात होते, बोटाने ओळी चाचपत होते. पाच-सात मिनिटांनी त्यांनी पुस्तक खाली केलं तेव्हा समोर मांजर बसलं होतं.

त्यानंतर हाना फोनवर फारशी येईना. आली तरी खाली मान घालून बसायची आणि मिनिटाभरात उठायची. तात्यांचं निदान असं की पुस्तक चुकीचं आहे. सोमवारी ते वाचनालयात हजर. "ह्यो पन खोका. दुसरा मागव."

माझा तोल गेला. दिवाळी तोंडावर आली होती, सहा-सात महिने हे चाललं होतं. मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला हवं तरी काय नक्की? पाच पुस्तकं झाली. तुम्ही शिकत नाही आहात, नुसते निवडता आहात!"

त्यांनी खिशात हात घातला आणि जी वस्तू ते दर वेळी खिडकीशी नेत होते ती माझ्या टेबलावर ठेवली. लिफाफा होता. परदेशी तिकिटं, त्यावर इंग्रजीतला पत्ता युकोच्या हातचा. आतला कागद त्यांनी बाहेर काढला नाही, नुसता कडेने दाखवला. पेन्सिलीने काढलेली मोठी, वाकडीतिकडी अक्षरं.

"हानाचा पत्र," ते म्हणाले. "शिमग्यात आला. तिनं सोताच्या हातानं लिवलाय. ज्या बुकात ही अक्सरं असतील त्यो बुक माला पायजे."

मी म्हटलं, "अहो, मोबाइलवर फोटो काढला की दोन मिनिटांत मराठी होऊन येतं. आणा इकडे."

त्यांनी लिफाफा झटकन उचलला.

"बाय, आमचा बाप म्हंबईला गिरनीत व्हता. आयेला अक्सर येत नव्हता. बापाचा पत्र आला की पोस्टमन वाचायचा. आनि आळीतल्या बाया भवती बसायच्या. बापानं काय चार शबूद मायेचं लिवलं असतील, तर आयेच्या आधी त्या हसायच्या. आये पदर तोंडाला लावायची. माला ते आवडत नव्हता. मी चवथीपत्तूर शिकलो ते कशापायी? आयेचा पत्र मी वाचावा म्हनून. तवापासनं माझ्या नावचा कागद मी दुसऱ्याला वाचू देत न्हाय."

हे खरं होतं. विजेचं बिलसुद्धा ते वायरमनच्या हातून उघडू देत नसत, आणि आम्ही सगळे त्याला हसायचो. 

त्या दुपारी मी मोबाइलवरून मराठीचं जपानी करून युकोला एक निरोप पाठवला. पत्राबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की हानाचं पहिलीचं वाचनाचं पुस्तक, जुनं, फाटकं, कसंही, तात्यांसाठी पाठवाल का? उत्तर तासाभराने आलं. पुस्तक पाठवते. आणि खाली आणखी एक ओळ होती. हाना म्हणते, आजोबा माझ्यावर रागावलेत, म्हणून ती फोनपाशी बसत नाही.

मी ते तात्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ते बाकावर बसले.

"रागावलंय? मी?"

"पुस्तक बघताना तुमच्या कपाळाला आठ्या असतात, तात्या. तिला त्याच दिसत असतील. पुस्तक बाजूला ठेवा आणि नुसतं तिच्याकडे बघा."

"आनि बोलू काय? तिनं माला काय तरी इचारलाच असंल ह्या पत्रात. त्याचा जबाब दिल्याबगार तिला तोंड कसा दावू?"

आणि खरोखरच त्यांनी तोंड दाखवायचं बंद केलं. रविवारी युकोचा फोन आला की ते तिला नमस्कार करायचे, मोबाइल तुळशीच्या दिशेने फिरवायचे आणि स्वतः बाजूला उभे राहायचे. जपानातल्या त्या दोघी रविवारी पाच मिनिटं आमची तुळस बघत होत्या.

पार्सल ऐन दिवाळीत आलं. ते पुस्तक उलट्या बाजूने सुरू होत होतं आणि त्यातल्या ओळी वरून खाली जात होत्या. तात्यांना काही फरक पडला नाही, ते कुठलंही पुस्तक मधूनच सुरू करणारे. कानाशी नेऊन हलवलं. उघडलं. आणि या वेळी खिडकीशी गेलेच नाहीत.

त्या पानावर जपानी अक्षरांशेजारी पेन्सिलीने देवनागरी लिहिलेली होती. का. मे. त्सु. हानाला आपली अक्षरं यावीत म्हणून महेशने तिच्या पुस्तकात लिहून ठेवली होती. प्रत्येक काना जरा लांब. वाचनालयाच्या नोंदवहीत तो सही करायचा तेव्हाही त्याचा काना खालच्या ओळीत जायचा आणि मी ओरडायची.

तात्यांनी पानं उलटली. देवनागरी पुस्तकाच्या निम्म्यापर्यंत होती. पुढची पानं कोरी, म्हणजे नुसती जपानी. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलात सुरू होतं, नवरात्रापर्यंत निम्मं पुस्तक झालं असेल. हे आम्हा दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. वखारीत माल पसंत पडला की तात्या बोलत नसत, एकदा मान खाली करत. त्यांनी मान खाली केली आणि ती बराच वेळ वर आणली नाही.

तिथून पुढे तात्यांनी जी शाळा मांडली तशी मी बघितलेली नाही. महेशच्या अक्षरांवरून निम्मी अक्षरं ते आठवड्यात शिकले. उरलेली निम्मी त्यांनी त्या खोका ठरवलेल्या पुस्तकांतून वेचली. मग पत्रातला एकेक शब्द घेऊन त्या पुस्तकांच्या मागच्या शब्दयादीत अक्षराला अक्षर जुळवून शोधायचा. पण मराठी पुस्तकात यादीच नव्हती आणि बाकीच्यांच्या याद्या इंग्रजीत. तेव्हा तात्या समोरचा इंग्रजी शब्द चिठ्ठीवर चितारून माझ्याकडे आणायचे, मी मराठी सांगायची. पत्र मला कळू नये म्हणून शब्द उलटसुलट क्रमाने आणायचे. दिवसातून तीन-तीनदा यायचे.

"रविवार," मी सांगायची.

तात्या मान डोलवायचे आणि जायचे.

"पुढचा." "आवाज." "हत्ती."

"हत्ती?" मी विचारलं. "पत्रात हत्ती आहे?"

"असंल," तात्या म्हणाले आणि चिठ्ठी चुरगाळून खिशात घातली.

मग रेल्वे स्थानक आलं, उकडलेलं अंडं आलं. माझी मती गुंग झाली. पोरगी आजोबांना हत्तीवर बसून स्थानकावर उकडलेलं अंडं खायला बोलावते की काय! पुढे त्यांनीच कबूल केलं, की ते तीन शब्द त्यांच्या पदरचे. मला अंदाज लागू नये म्हणून.

जानेवारीत दोन चिठ्ठ्या एकाच दिवशी आल्या. पहिली मी वाचली. "विसरणे." तात्या दारापर्यंत गेले, परत आले आणि दुसरी ठेवली. "हसणे," मी सांगितलं. ते उभेच राहिले. मग म्हणाले, "नीट बघ. दुसरा काय असंल." मी नीट बघितलं. "हसणेच, तात्या." त्यांनी चिठ्ठी उचलली आणि गेले. त्यानंतर तीन दिवस ते फिरकले नाहीत.

चौथ्या दिवशी, शनिवारी, वाचनालय बंद करायच्या वेळेला आले. माझ्यासमोर बसले, लिफाफ्यातून कागद काढला आणि टेबलावर उलगडला. आयुष्यात पहिल्यांदा तात्या मांदाडकरांनी त्यांच्या नावचा कागद दुसऱ्यासमोर उघडला. त्यांनी आधी तो जपानीत वाचला, बोट वरून खाली नेत, एकेक अक्षर, न अडखळता. मग मराठीत सांगितला. मी तो त्यांनी सांगितला तसाच देते.

आजोबा, पप्पांचा आवाज मी थोडा थोडा विसरते. पण तुम्ही हसता ते पप्पांसारखं. पुढच्या रविवारी पण हसा. हाना.



"शिमग्यात आला पत्र," तात्या म्हणाले. "दहा म्हैनं झालं. पोरगी दहा म्हैनं बगतीय, आजोबा आता हसंल, मग हसंल. आनि मी तिला बुक दावतंय." त्यांचा हात कागदावर होता. "तिला माझा जपानी नको व्हता, बाय. तिनं काय इचारलाच नव्हता."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तीस वर्षांत प्रथमच.

जाताना ते दारात थांबले. "उद्या चारला येशील? माला एकट्याला हसू येनार न्हाय."

मी पावणेचारलाच गेले. तात्या धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. जवळ एकही पुस्तक नव्हतं. फोन लागला, युको दिसली. तात्यांनी मोबाइल तुळशीकडे फिरवला नाही. त्यांनी तीन जपानी शब्द जुळवून ठेवले होते, ते म्हटले. हाना. पत्र. वाचलं. युको एकदम मागे वळून काहीतरी बोलली. मग बराच वेळ नुसती रिकामी खुर्ची. मग हाना आली, पण समोर नाही, खुर्चीच्या कडेला, अर्धी दिसेल अशी. उंच झाली होती. वेणी गेली होती, केस कापले होते.

तात्यांनी हसायचा प्रयत्न केला. खांदे मुद्दाम हलवले. घशातून आवाज काढला. तो इतका वाईट निघाला की मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "न्हाय येत, बाय," ते मला म्हणाले, "शिमग्याआदी हिच्या मांजरावर हसलो त्योच शेवटचा." हाना त्यांच्याकडे बघत होती. ती उठली आणि निघून गेली. तात्यांनी डोळ्यांवर हात घेतला.

फोन बंद करावा म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात हाना परत आली. या वेळी अगदी समोर बसली. तिच्या हातात सालासकट एक सुपारी होती. इथून महेशने कधीतरी नेलेली, काळी पडलेली. ती तिने कानाशी धरली. कपाळाला आठ्या घातल्या, तात्या घालतात तशाच. हलवली. पुन्हा हलवली. आणि मग मोबाइलमध्ये तोंड घालून तिने खणखणीत निकाल दिला.

"खोका!"

तात्यांनी हात खाली घेतला. त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडताहेत. पण मागोमाग ती बारीक शिट्टी आली, मग ठसका, आणि मग ते हसणं ओट्यावरून खाली रस्त्यावर गेलं. समोरच्या वाडीत नारळ सोलणारा गडी काम थांबवून बघायला लागला. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, आणि ते हसत होते. तिकडे युको तोंडावर हात दाबून उठली आणि दिसेनाशी झाली.

हाना हलली नाही. सुपारी मुठीत धरून ती ताठ बसली होती आणि तिने डोळे मिटून घेतले होते.

तात्यांनी ते पाहिलं. दम लागला होता, ठसका थांबत नव्हता, मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी तो हातानेच बाजूला सारला. त्यांना थांबायचं नव्हतं. ते थांबले असते तर तिने डोळे उघडले असते.